गळधारक सभेचा जिताडा

मासा पकडणे जगात कोणालाही जमते. बगळ्याला जमते, मांजराला जमते, आणि चेंदणीच्या कोळीवाड्यात तर नुकते चालायला लागलेल्या पोरालाही जमते. मासा पकडण्याची तयारी करणे मात्र फक्त सुधारलेल्या माणसालाच जमते. (पाण्यात पाय घालण्यापूर्वी बगळ्याने कधी सभा बोलावल्याचे ऐकिवात नाही. इतकी युगे तो चिखलात उभा आहे तो त्यामुळेच.)

हे सत्य ठाणे शहराला कळले ते राणीसरकारच्या जुबिलीच्या सुमारास. कलेक्टर कचेरीत नवे असिस्टंट साहेब आले आणि पहिल्याच रविवारी चेंदणी बंदराच्या धक्क्यावर एक लांब दांडी घेऊन उभे राहिले. दांडीच्या बुडाशी पितळी रीळ होते, रिळावर रेशमी दोरी होती आणि दोरीच्या टोकाला मासा होता. म्हणजे सुरुवातीला नव्हता, तासाभराने होता. जिताडा होता, आणि चांगला हातभर होता.

ठाण्याच्या खाडीत मासे पुष्कळ, पण जिताड्याचा मान वेगळा. जावई, व्याही आणि सरकारी अंमलदार या तिघांकडे, म्हणजे ज्यांच्यापुढे मान खाली घालावी लागते त्यांच्याकडे, हाच मासा पाठवायचा असा इकडचा रिवाज आहे. साहेबांनी तो जिताडा एकदा वर धरून पाहिला, मान हलवली, 'तूच खा' म्हणून बटलरला देऊन टाकला आणि शीळ घालत बंगल्यावर निघून गेले. खाण्याचा बेत नसताना मासा पकडता येतो, ही कल्पना ठाण्यात नवीन होती. खाण्यासाठी मासा पकडणे ही गरज झाली. न खाण्यासाठी पकडणे हा शौक, आणि शौक असल्याखेरीज माणसाला वरची जागा मिळत नाही हे कचेरीत सर्वांना ठाऊक होते.

त्याच आठवड्यात 'ठाणे गळधारक सभा' स्थापन झाली. अध्यक्षपदी शिरस्तेदार महिपतराव चित्रे यांची निवड झाली, कारण ते सर्वांचे वरिष्ठ होते. महिपतरावांना पाण्याची भीती वाटे. पण अध्यक्षाला पाण्यात उतरावे लागत नाही, असे पाहून त्यांनी पद स्वीकारले. चिटणीस झाले रेल्वेच्या मालधक्क्यावरचे कारकून फेलिक्स परेरा, कारण विलायती माल आगगाडीने यायचा होता आणि मालाची इंग्रजी यादी घडाघडा वाचणारा माणूस आळीत तेवढाच होता. बाकी सभासद कचेरीतलेच. आणि ठराव मांडायला दुय्यम कारकून प्रभाकर कर्णिक होता, ज्याची ही गोष्ट आहे.

प्रभाकर माणूस सज्जन होता. त्याच्या अंगात उत्साह फार होता, आणि उत्साही माणसाच्या हातून जे होते तेच त्याच्या हातून झाले. पौषातल्या बैठकीत त्याने उभे राहून ठराव मांडला, की जाळ्यातला जिताडा हा जुलमाने धरलेला असतो, त्याला निवडीची संधीच दिली जात नाही. उलट गळाचा जिताडा विचार करून, स्वखुशीने येतो. सबब यापुढे कोणाही सभासदाच्या घरी जाळ्यातला जिताडा शिजू नये. टाळ्या पडल्या. महिपतराव म्हणाले, "कर्णिक, तुम्ही पुढे जाणार." प्रभाकर त्या रात्री छाती पुढे काढून घरी गेला. वाटेत त्याने दोन वेळा तो ठराव स्वतःला म्हणून दाखवला.

(ठरावाचा पहिला परिणाम असा झाला, की आळीत जिताडा आणणारी हौसाबाई कोळीण तिथे फक्त बांगडे आणू लागली. दुसरा परिणाम व्हायला चैत्र उजाडावा लागला.)

चैत्रात प्रभाकरची बायको उत्तरा हिला दिवस राहिल्याचे पक्के कळले. उत्तरा पनवेलची, खाडीच्या काठावर वाढलेली. बोलायची कमी, पण जे बोलायची ते एकदाच बोलायची. परसात कैऱ्यांचा पहिला घोस उतरवला त्या दिवशी ती प्रभाकरला म्हणाली, "मला जिताडा खावासा वाटतोय. कैरी घालून."

प्रभाकरला आपला ठराव आठवला.

पोटुशीचे डोहाळे पुरवावे लागतात हा शास्त्रार्थ सर्वांना माहीत आहे. पुरवले नाहीत तर जन्माला येणारे मूल लाळ गाळते. प्रभाकर सुधारक मताचा होता, त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण दुसऱ्या दिवशी कचेरीत जाताना लाळेरे बांधलेली जितकी मुले वाटेत दिसली, तितक्यांकडे तो थांबून पाहत राहिला. आणि प्रत्येक मुलाच्या बापाला काय जमले नसेल, याचा त्याने मनाशी अंदाज बांधला.

"माझ्या हातानं पकडलेला आणून घालीन," तो रात्री उत्तराला म्हणाला. "विलायती दांडीनं."

"कधी?"

"सामान ठरलं, की लगेच."

"बरं," उत्तरा म्हणाली, आणि तिने कैरी लोणच्यात घातली.

आता सामान ठरवणे हे ऐकायला सोपे वाटते. ज्यांनी कधी सामान ठरवले नाही, त्यांनाच ते तसे वाटते.

प्रथम दांडीचा प्रश्न आला. बांबूची दांडी उत्तम, याविषयी दुमत नव्हते. पण बांबू तर येऊरच्या डोंगरातही होतो, आणि जी वस्तू डोंगरात उगवते ती शौकाची कशी म्हणावी? फेलिक्सने यादीतून वाचून दाखवले, की विलायतेत याच हिंदुस्थानी बांबूच्या कामट्या काढतात, त्या पुन्हा एकमेकींना चिकटवतात, वर रोगण देतात आणि पितळी कड्या बसवतात. म्हणजे बांबू इथून बोटीने तिकडे जातो, तिथे त्याचे तुकडे होतात, आणि सुधारून परत येतो. ही हकीकत ऐकून दोन सभासदांना आपल्या बॅरिस्टर झालेल्या नातेवाइकांची आठवण झाली आणि सभा गंभीर झाली. दांडी विलायतेहून मागवावी असे एकमताने ठरले. कल्याणला सभेची नुकतीच शाखा निघाली होती, तिने मात्र साधाच बांबू पुरे असे कळवले. कल्याण शाखा त्याच बैठकीत बरखास्त करण्यात आली.

मग रीळ. लाकडी रीळ हलके, पितळी रीळ जड. लाकडी पावसाळ्यात फुगते, पितळी उन्हाळ्यात तापते. लाकडी रीळ मुकाट फिरते. पितळी फिरताना असा कर्रकर्र आवाज करते की अंगावर काटा यावा. यावर दोन बैठका झाल्या. शेवटी महिपतरावांनी विचारले, "हा आवाज साहेबांच्या बंगल्यापर्यंत जाईल काय?" फेलिक्स म्हणाला, वारा बंदराकडून असला तर जाईल. पितळी रीळ मंजूर झाले. ज्या शौकाचा आवाज वर ऐकू जात नाही तो शौक कशाला करायचा, हा विचार कोणी बोलून दाखवला नाही, कारण तो सर्वांच्याच मनात होता.

त्यानंतर आतड्याचा विषय निघाला, आणि सभा फुटता फुटता राहिली. दोरीच्या टोकाला आणि गळाच्या मध्ये जी बारीक तार लागते, ती रेशमाच्या किड्याच्या आतड्यापासून काढलेली असते. ती पाण्यात दिसत नाही हा तिचा गुण. पण ती कोरडी असता तुटते, म्हणून बांधण्यापूर्वी तोंडात धरून भिजवावी, असे यादीत स्वच्छ लिहिले होते. मासे खाणाऱ्या सभासदांनीही किड्याचे आतडे तोंडात धरायला ठाम नकार दिला. तांब्यात भिजवावे अशी सूचना आली. परंतु यादीत तोंड म्हटले होते, तांब्या म्हटले नव्हते. फेलिक्स म्हणाला, "आमी भिजवतो की. आमाला काय त्याचं?" पण मग फेलिक्सच्या तोंडातली तार आपण हातात धरावी काय? शेवटी प्रभाकरने तोड काढली, की तार फेलिक्सने भिजवावी आणि ती वाळल्यावर शुद्ध झाली असे मानून इतरांनी हातात घ्यावी. ती वाळल्यावर पुन्हा ठिसूळ होते, हे लक्षात आले तोवर ठराव पास झाला होता.

या सुमारास वैशाख संपला. उत्तराने उरलेल्या कैऱ्या चिरून, उन्हात वाळवून त्यांची आंबोशी करून ठेवली. "कालवणाला आंबोशीही चालते," ती बरणी बंद करताना म्हणाली. प्रभाकरला तो टोमणा वाटला. तो टोमणा नव्हता. ती खरोखरच सोय करून ठेवत होती, आणि म्हणून त्याला जास्त लागले.

आमिषाची निवड ज्येष्ठात झाली. कोळी लोक गळाला जिवंत कोळंबी लावतात. सभेने प्रयोगासाठी कोळंबी आणवली. परंतु प्रयोगाला नेलेल्या कोळंबीपैकी बरीचशी धक्क्यापर्यंत पोचतच नसे, सभासदांच्या स्वयंपाकघरात वळे. म्हणून ते आमिष भरवशाचे नाही असा निष्कर्ष निघाला. त्याऐवजी विलायती खोटा मासा पसंत करण्यात आला. तो पत्र्याचा होता, पोटाला लाल आणि पाठीला हिरवा. असला मासा ठाण्याच्याच काय, कुठल्याही खाडीत नाही. पण महिपतरावांचे म्हणणे असे पडले, की रोज कोळंबी खाऊन जिताडाही कंटाळला असेल. वरिष्ठांना माशाच्या मनातले कळते याचे सभासदांना कौतुक वाटले, आणि आमिष म्हणून खोट्या माशाखेरीज काहीही लावू नये असा नियम झाला.

गळ तेवढा प्रभाकरने स्वतः निवडला. मुंबईला कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, दुकानात उभा राहून, दुकानदार वैतागेपर्यंत, एकेक गळ नखावर घासून त्याने शेवटी एक घेतला: निळ्या पोलादाचा, दोन वळणांचा, टोकाला सुईपेक्षा बारीक. तो त्याने कापसात गुंडाळून आणला आणि रात्री उत्तराला दाखवला. ती बराच वेळ तो निरखत राहिली.

"छान आहे," ती म्हणाली. "आता याला मासा लागला, की झालं."

सामान ठरले, आता फक्त दिवस ठरायचा होता. कचेरी असल्यामुळे रविवारच मोकळा. त्या रविवारी एकादशी, चतुर्थी, कोणाचे श्राद्ध किंवा कोणाच्या बायकोचा उपास असता कामा नये, कारण मग मासा पकडून घरी न्यायचा कसा? फेलिक्सला सकाळी त्याच्या ख्रिस्ती देवळात मिस्सा, म्हणजे प्रार्थना, असे. तो शुक्रवारी हवा तितका मोकळा असे, कारण शुक्रवारी त्याच्या घरी मटण वर्ज्य आणि मासाच लागे. पण शुक्रवारी कचेरी. या सर्वांतून एखादा रविवार निसटून हाती आला, तर त्या दिवशी नेमकी खाडीला भांग असे. म्हणजे तिथीच अशी, की पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही. एकदा तर सर्व मंडळी कचेरीच्या शिस्तीने अकराला धक्क्यावर हजर झाली, आणि खाली पाहतात तो नुसता चिखल. खाडी ओहोटीला गेली होती. महिपतरावांनी घड्याळ काढून चिखलाला दाखवले. भरतीची वेळ रोज बदलते हे पंचांग पाहणाऱ्या माणसांना ठाऊक नसावे असे नाही. पण पंचांग हे उपासासाठी असते आणि रविवार हा रजेसाठी, या दोहोंचा पाण्याशी संबंध असेल असे कोणाच्या मनात आले नव्हते.

आषाढ निम्मा सरला. आता श्रावण लागला, की घरात महिनाभर मासा बंद. आणि श्रावणातच उत्तराचा भाऊ तिला पहिल्या बाळंतपणासाठी पनवेलला न्यायला येणार. पुढे भाद्रपदात ती माहेरी जिताडा खाईल, सासरच्यांना चार महिन्यांत एक मासा धरता आला नाही ही गोष्ट सगळ्या पनवेलला कळेल, आणि तोवर बाळाच्या लाळेचे जे काय व्हायचे ते झालेले असेल. प्रभाकरची झोप उडाली. त्याने पंचांग काढले, आणि या खेपेला ते पाण्यासाठी पाहिले. श्रावणाच्या आदल्या दिवशी, दिव्याच्या अवसेला, रविवार होता. अमावस्या म्हणजे उधाणाची भरती, तीही भर दुपारी, म्हणजे फेलिक्सची मिस्सा आटोपल्यावर. आणि वर्षातली हीच एक अमावस्या अशी, की उद्यापासून बंद म्हणून आज सगळे पोटभर खाऊन घेतात.

त्या दिवशी सकाळी उत्तराने घरातले सगळे दिवे, समया, निरांजने घासूनपुसून मांडून ठेवली होती. प्रभाकर निघाला तेव्हा तिने त्याच्या हातात हळदीच्या पानाची लहानशी पुडी दिली.

"कोळंबी आहे, जिवंत. पनवेलला आमचे बाबा हेच लावतात."

"अगं, नियमात खोटा मासा आहे."

"असू दे ना. नियमाला खोटा लावा, जिताड्याला खरा लावा." मग जरा थांबून म्हणाली, "आज आणा हो. मला खरंच फार वाटतंय."

एवढे उघड ती कधी बोलत नसे. प्रभाकरने पुडी खिशात घातली. आपल्या बायकोवर आपला फार जीव आहे, हे त्याला त्या क्षणी कळले, आणि धक्क्यापर्यंतच्या वाटेत ते त्याच्या चांगले लक्षात होते.

धक्क्यावर सभा पूर्ण जमली. पाऊस भुरभुरत होता. महिपतरावांच्या डोक्यावर शिपायाने छत्री धरली होती. ज्येष्ठतेप्रमाणे उभे राहावे असे ठरलेले असल्याने धक्क्याचे टोक महिपतरावांना, आणि त्यांच्या लगतची जागा प्रभाकरला मिळाली. ही जागा त्याला हवीच होती. फेलिक्सने सर्वांच्या तारा तोंडात भिजवल्या. दांड्या उगारल्या गेल्या, रिळे कर्रकर्र वाजली, आणि लाल पोटाचे हिरवे मासे ओळीने खाडीत पडले. प्रभाकरने कोणाचे लक्ष नाही असे पाहून आपला हिरवा मासा वर ओढला, काढून खिशात टाकला आणि आपल्या निळ्या गळाला कोळंबी लावली.

पाणी चढत आले. खोटे मासे कोणी विचारीना. आणि मग प्रभाकरच्या दांडीला असा हिसका बसला, की ती धनुष्यासारखी वाकली. रीळ ओरडू लागले. दोरी सरसर निघाली, आणि कळव्याच्या बाजूला पाणी फोडून एक रुपेरी अंग वर आले, उलटले आणि आत गेले.

"जिताडा रे बाबा," फेलिक्स हळूच म्हणाला. "सोडू नको. खेच."

प्रभाकरने खेचले. मासा लागला होता, दांडी हातात होती, तार फेलिक्सच्या तोंडातून नुकतीच निघालेली असल्यामुळे ओली आणि मजबूत होती. जगात त्या घटकेला प्रभाकरला हवे होते ते सगळे त्या दोरीच्या टोकाला होते. आणि त्याने बाजूला पाहिले.

महिपतराव त्यांच्या दांडीकडे पाहत होते. त्यांच्या दांडीला काही नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावरही काही नव्हते; पण कचेरीत दहा वर्षे काढलेल्या माणसाला काही नसलेला चेहरा वाचता येतो. अव्वल कारकुनाची जागा दिवाळीला रिकामी व्हायची होती. अध्यक्षांच्या आधी दुय्यम कारकुनाला मासा लागणे हे ज्येष्ठतेच्या विरुद्ध होते, आणि तो त्याने अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत बाहेर काढणे तर उद्धटपणाच झाला असता. हा विचार करायला प्रभाकरला वेळ लागला नाही. खरे म्हणजे त्याने तो केलाच नाही. त्याच्या हातांनीच तो केला.

"राव," तो दांडी पुढे करून म्हणाला, "आपण घ्यावी."

"छे छे. तुम्हाला लागलाय," महिपतराव म्हणाले.

"आपल्यापुढे मी कोण?"

"नाही नाही, तुम्हीच."

"आपणच घ्यायला हवी."

जिताडा खाडीत वाट पाहत होता. (दरबारी रिवाज त्याला ठाऊक नव्हता, पण तोही थकला होता.) तिसऱ्या आग्रहाला महिपतरावांनी दांडी घेतली. त्यांना रीळ कोणीकडे फिरवायचे हे माहीत नसल्यामुळे फेलिक्सने त्यांचा हात धरून ते फिरवले, शिपायाने छत्री सोडून झोळी खाली घातली, आणि मासा धक्क्यावर आला तेव्हा तार तुटली. गळ माशाच्या घशातच राहिला. मासा दोन हातांवर घ्यावा लागेल असा होता. सर्वांनी महिपतरावांचे अभिनंदन केले. सर्वांत मोठ्याने प्रभाकरने केले.

मग असे झाले, की महिपतरावांनाही वरिष्ठ होते. जिताडा ओल्या गोणपाटात गुंडाळून थेट असिस्टंट साहेबांच्या बंगल्यावर गेला. साहेबांनी तो वर धरून पाहिला, "रीळ कोणते?" असे विचारले, "फार छान" असे म्हणाले आणि महिपतरावांशी हस्तांदोलन केले. खाण्याचा प्रश्न नव्हता. साहेब विलायतेहून पत्र्याच्या डब्यात आलेला मासाच खात, खाडीचा खात नसत. त्यांनी जिताडा बटलरला देऊन टाकला. बटलर गिल्बर्ट हा फेलिक्सचा मावसभाऊ, व्यवहारी माणूस. अवसेच्या संध्याकाळी बाजारात जिताड्याला काय मागणी असते हे जाणून त्याने तो मागल्या दाराने हौसाबाईला विकला.

आणि हौसाबाई तो घेऊन तडक आळीत आली.

"बाय, सकालपासून इचारतंस," ती उत्तराच्या परसदारी टोपली उतरवत म्हणाली. "जाल्यातलं सगलं सकालीच उठलं. ह्यो एकच गावला बघ. घे, नि कोनाला सांगू नको."

उत्तराने सकाळीच ठरवले होते, की नवऱ्याने आणला तर उत्तम, नाहीतर आज ठराव मोडायचा. चार महिने वाट पाहिल्यावर तिला तो अधिकार आहे, असे तिचे मत होते. तिने मासा घेतला, विळीवर डोके वेगळे केले, आणि घशात बोट घातले तेव्हा काहीतरी टोचले.

प्रभाकर दिवेलागणीला घरी आला. सगळे दिवे पेटले होते. घर इतके उजळले होते की तोंड लपवायला कोपरा नव्हता. आंबोशीच्या कालवणाचा वास ओटीपर्यंत आला होता. तो मुकाट्याने पाटावर बसला. ताटात भात होता, वर कालवण होते, आणि मिठाच्या शेजारी, धुऊनपुसून, निळ्या पोलादाचा दोन वळणांचा गळ ठेवला होता.

प्रभाकरने गळ उचलून नखावर घासून पाहिला.

"तुमचाच ना?" उत्तराने विचारले.

"हो."

"म्हणजे लागला होता तुम्हाला."

"लागला होता."

"मग?"

"महिपतराव शेजारी उभे होते," प्रभाकर म्हणाला.

उत्तराने समईची वात पुढे सारली. "मीही होते," ती म्हणाली. "घरी."

प्रभाकरला लाज वाटली, खरीखुरी वाटली, आणि ती बाजूला सारायला त्याने जे नेहमी हाताशी असते ते घेतले, म्हणजे विचार करायला सुरुवात केली. हा मासा गळाचा आहे, म्हणून ठरावाने खाता येतो. पण गळाचा असेल तर तो साहेबांना केलेला नजराणा आहे, आणि साहेबांचा नजराणा दुय्यम कारकुनाने खाणे बरे नव्हे. बाजारातून विकत घेतला म्हणावा, तर बाजारातल्या जिताड्याला ठरावाने बंदी आहे. शिवाय तो नियमाबाहेरच्या आमिषाने धरलेला, म्हणजे मुळात धरलाच गेला नाही असेही...

"तुमचा ठराव होईस्तोवर मी जेवते," उत्तरा म्हणाली.

ती जेवली. सावकाश, पोटभर, काट्यान् काटा चोखून जेवली, आणि दुसऱ्यांदा भात घेतला. प्रभाकरने शेवटी मीठभात खाल्ला.

भाद्रपदातल्या सभेत जिताड्याची नोंद अध्यक्षांच्या नावे झाली. खोटा मासा अत्यंत गुणकारी असून त्याच्या लाल पोटाला ठाण्याची खाडी भुलते, असा अभिप्राय साहेबांच्या नजरेखालून गेला. फेलिक्सला खोट्या माशांच्या दोन पेट्या मागवाव्या लागल्या, आणि बरखास्त झालेल्या कल्याण शाखेनेही गुपचूप एक मागवली. अव्वल कारकुनाची जागा दिवाळीला भरली. महिपतरावांच्या भाच्याने भरली. प्रभाकरला त्यांनी पाठीवर थाप मारून पुन्हा सांगितले, की तुम्ही पुढे जाणार.

पनवेलला उत्तराला मुलगी झाली. तिची लाळ गळत नाही. मुलीच्या आत्याबाईंनी शिवून आणलेले लाळेरे कोरेच राहिले, ते उत्तराने स्वयंपाकघरात खिळ्याऐवजी ठोकलेल्या निळ्या गळाला अडकवून ठेवले आहे. जेवताना प्रभाकरची पाठ त्या भिंतीकडे असते. पाट त्यानेच तसा मांडून घेतला.

सभा अजून चालू आहे आणि नवे सभासद घेतले जातात. येथवर वाचून ज्यांना हसू आले, त्यांनी अर्ज पाठवण्याची तसदी घेऊ नये. तुमच्याही दांडीला एकदा मासा लागला होता, आणि ओढण्यापूर्वी तुम्हीही शेजारी कोण उभे आहे ते पाहून घेतले होते. तुमचे नाव सभासदांच्या यादीत आधीच घातलेले आहे. घरी कोण वाट पाहत होते, ते सभा विचारत नाही.